जुन्या मराठी सिनेमातला अंगरखा घेतोय, खरा आहे की नाही कसं ओळखायचं?

रंकाळ्याकाठी
नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा, गेली दहा-बारा वर्षं जुन्या मराठी सिनेमांची शो कार्डं (थिएटरात लावायची जाहिरातीची कार्डं) आणि गाण्यांच्या पुस्तिका जमवतोय. कपडे या प्रकाराला कधी हात लावला नव्हता. आता मुंबईतल्या एका जुन्या वस्तू विकणाऱ्याकडे एक अंगरखा आलाय, गडद मरून मखमल, गळ्याला आणि घेराला जरीची किनार, आतून पांढरं सुती अस्तर. तो म्हणतो की हा साठच्या दशकातल्या एका ऐतिहासिक मराठी सिनेमात नायकाने दरबाराच्या सीनमध्ये घातलेला आहे. सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट. नाव इथे टाकत नाही कारण व्यवहार अजून व्हायचाय.

किंमत ८५ हजार सांगितली आहे. सोबत लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट आहे पण त्यावर सही त्याची स्वतःचीच. मी नेटवर सिनेमा लावून स्क्रीनशॉट काढला, गळ्याची जर बऱ्यापैकी तशीच दिसते, पण प्रिंट इतकी घाण आहे की डोळे फोडून बघितलं तरी खात्री होत नाही. आणि माझ्याकडे त्याच सिनेमाचं एक शो कार्ड आहे त्यात अंगरखा चक्क निळा आहे आणि बंद उलट्या बाजूला बांधलेत. म्हणजे हा तो नव्हेच का? की नायकाचे दोन अंगरखे होते?

दोन वर्षांपूर्वी एका माणसाकडून "ओरिजिनल" म्हणून पोस्टर घेतलं आणि ते नंतरचं छापलेलं निघालं, बारा हजार गेले, ते दुखणं अजून आहे. म्हणून या वेळी आधी विचारतोय. कपड्यातलं कोणाला कळत असेल तर प्लीज सांगा काय बघू, कुठे बघू.

सुईदोरा
मी बावीस वर्षं कपडेपटात काम केलंय, आधी नाटक मग सिनेमा आणि सिरियल, त्यामुळे जे हाताखालून गेलंय तेवढंच सांगते.

पहिली गोष्ट, सर्टिफिकेट बाजूला ठेव. विकणाऱ्याने स्वतःच लिहून दिलेला कागद म्हणजे बिल, त्यापलीकडे त्याला अर्थ नाही. त्याला विचार की तुझ्याकडे हे कोणाकडून आलं, त्याच्याकडे कोणाकडून, आणि हे तो लिहून द्यायला तयार आहे का. दुकान बंद झालं तेव्हा लॉट उचलला, अमक्या ड्रेसवाल्याच्या घरच्यांनी विकलं, असं काहीतरी ठोस नाव-गाव असलं पाहिजे. "एका जुन्या माणसाकडून मिळालं" याला मी उत्तर मानत नाही.

दुसरं म्हणजे आपल्याकडे कपड्याचं आयुष्य कसं असतं ते समजून घे. हॉलिवूडसारखं स्टुडिओच्या गोदामात नंबर घालून पन्नास वर्षं ठेवलंय असं आपल्याकडे क्वचितच झालं. बरेचसे ऐतिहासिक कपडे ड्रेसवाल्याकडून भाड्याने यायचे नाहीतर सिनेमा संपला की त्याच्याकडे जायचे. मग तोच अंगरखा पुढच्या सिनेमात सरदाराला, मग नाटकात, मग शाळेच्या गॅदरिंगला, मग गणपतीच्या देखाव्यात. दर वेळी कोणीतरी तो ढिला केला, कोणीतरी आत घेतला, जर काळी पडली म्हणून बदलली. त्यामुळे जुना कपडा कोरा करकरीत आणि एकाच माणसाच्या मापाचा असेल तर मला उलट जास्त शंका येते.

आता बघायचं काय. बाहेरून बघू नकोस, उलटा कर. मानेच्या मागे अस्तरावर नंबर किंवा अक्षर आहे का बघ, ड्रेसवाल्याच्या शाईचं. सुती कपड्यांवर धोब्याची बिब्ब्याची खूण असायची, बिब्ब्याच्या रसाला चुना लागला की ती काळी पक्की होते आणि कितीही धुतली तरी जात नाही. पण मखमल कोणी धोब्याकडे टाकत नाही, त्यामुळे मखमलीच्या अस्तरावर बिब्ब्याची खूण दिसली तर समज की अस्तर दुसऱ्याच कशाचं तरी कापून लावलंय. मग गळ्याची आतली पट्टी बघ, तिथे पॅनकेकचा, म्हणजे मेकअपचा, तांबूस-पिवळट डाग बसतो आणि तो मानेच्या वळणावर बसतो. मग काखेतलं अस्तर, घामाने तिथलं सूत कडक होऊन विरतं. मग बाजूच्या शिवणी, आत किती मार्जिन सोडलंय आणि जुन्या टाक्यांची भोकं दिसतायत का.

एक फसवणूक फार चालते. नवीन अस्तर चहाच्या पाण्यात बुडवून जुनं करतात. ते ओळखायला शिवण थोडी ताणून आतली दुमड बघायची. खरं जुनं कापड उघड्या भागावर पिवळं पडतं आणि दुमडीच्या आत उजळ राहतं. चहात बुडवलेलं आतबाहेर सारखंच असतं.

शोकार्डवाला_बापू
तुमच्या शो कार्डाचं कोडं सोपं आहे दादा. त्या काळातली शो कार्डं म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट फोटो कापून, चिकटवून, वर हाताने रंगवलेले असायचे. रंगवणाऱ्याने तो अंगरखा बघितलेला असेलच असं नाही, त्याला नायक उठून दिसायला हवा होता, त्याने निळा मारला. त्यामुळे शो कार्डावरच्या रंगाला शून्य मार्क द्यायचे, आकाराला आणि नक्षीला मात्र द्यायचे.

बंद उलट्या बाजूला, त्याचं कारण बहुतेक निगेटिव्ह उलटी धरून प्रिंट काढली हे असणार. हे सर्रास व्हायचं, विशेषतः नायक-नायिकेला समोरासमोर बघताना दाखवायचं असेल तेव्हा. तपासायचं असेल तर त्याच फोटोत तलवार कुठल्या कमरेला आहे बघा, किंवा भिंतीवर अक्षरं असतील तर ती बघा. सगळं उलटं असेल तर फोटो मोबाइलवर आडवा फ्लिप करा आणि मग अंगरख्याशी लावून बघा.

स्क्रीनशॉटवर अवलंबून राहू नका हेही सांगतो. नेटवरची प्रिंट टीव्हीवरून उचललेली, कडा कापलेल्या, कॉम्प्रेस करून करून जरीचे ठिपके एकमेकांत मिसळलेले. त्यात कुठलीही जर कुठल्याही जरीसारखी दिसते. तुम्हाला हवेत स्टिल्स, सेटवरच्या स्टिल फोटोग्राफरने मोठ्या निगेटिव्हवर काढलेले. पुण्यात लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं, तिथे सिनेमांसोबत स्टिल्स, पोस्टर्स, गाण्यांच्या पुस्तिका यांचाही मोठा साठा आहे. २०२२ पासून ते एनएफडीसी म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाखाली आलंय. आधी ईमेल करा, सिनेमाचं नाव आणि साल द्या, कशासाठी बघायचंय ते नीट लिहा. मी दोनदा गेलोय, दोन्ही वेळा लोकांनी मनापासून मदत केली.

आणि स्टिल हातात आलं की गळ्याची जर जुळते का हे बघण्यात वेळ घालवू नका. जर मीटरवर मिळते, पन्नास अंगरख्यांना सारखी लागते. बघायचं ते हाताने झालेलं, जे दुसऱ्यांदा तसंच होणार नाही. एखादं फूल तिरकं बसलंय, एखादी टिकली गळालीय, कापडाचा दोष, ठिगळ. असं एक जरी सापडलं आणि तंतोतंत त्याच जागी सापडलं तर ते शंभर सर्टिफिकेटांपेक्षा भारी.

एडिसनचा_नाना
बापूंनी शेवटी जे लिहिलंय त्याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण इथे अमेरिकेत घडलं म्हणून सांगतो. विझर्ड ऑफ ऑझ या १९३९ च्या सिनेमातले ज्युडी गार्लंडचे लाल चमकीचे बूट. शूटिंगसाठी एकापेक्षा जास्त जोड बनवले होते, त्यातला एक जोड १९७९ पासून वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या म्युझियममध्ये आहे. दुसरा एक जोड मिनेसोटातल्या ग्रँड रॅपिड्स गावच्या ज्युडी गार्लंड म्युझियममधून २००५ मध्ये चोरीला गेला आणि एफबीआयला तो २०१८ मध्ये परत मिळाला. आता हाच तो कशावरून? तर एफबीआयने तो स्मिथसोनियनच्या लोकांकडे नेला. त्या वेळी तिथल्या कॉन्झर्वेटर मंडळींनी स्वतःच्या जोडाच्या जतनावर नुकतंच काम केलं होतं त्यामुळे त्यांना एकेक चमकी पाठ होती. त्यांना काय दिसलं तर बुटावरच्या बोवर काही मणी मुळात पारदर्शक काचेचे आहेत आणि त्यांना वरून लाल रंग दिलाय, सेटवर मणी तुटला असेल आणि कोणीतरी हाताशी होता तो रंगवून लावला असेल. तसलीच दुरुस्ती त्यांच्या जोडावरही होती. आणि पुढची गंमत म्हणजे दोन्ही जोड आपसात बदललेले निघाले, म्हणजे म्युझियममधला एक पाय आणि चोरीला गेलेल्यातला एक पाय हे खरे जोडीदार. पुढे तो सापडलेला जोड डिसेंबर २०२४ मध्ये लिलावात गेला, सगळं कमिशन धरून सव्वातीन कोटी डॉलर.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की खरेपणा चकचकीत भागात नव्हता, घाईत केलेल्या दुरुस्तीत होता. नकली बनवणारा माणूस मूळ डिझाइन उचलेल, पण कोणी केव्हा तोडलं आणि कसं जोडलं ते त्याला माहीतच नसतं.

अजून एक, तुम्ही विचारलंय की दोन अंगरखे असतील का. असू शकतात. मारामारीचा वेगळा, क्लोजअपचा वेगळा, डुप्लिकेटने घातलेला वेगळा. इथे लिलावात सहसा हे स्पष्ट लिहितात की वस्तू पडद्यावर दिसलेली आहे की नुसती त्या सिनेमासाठी बनवलेली आहे, आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तुमच्या विक्रेत्याला नेमकं हेच विचारा आणि त्याचे शब्द लिहून घ्या.

कापडचोपड
मी कॉन्झर्वेशनवाली नाही पण टेक्स्टाइल शिकलेय, थोडी भर घालते. जाताना तीन गोष्टी खिशात ठेवा, दहा पटीचं भिंग, छोटा यूव्ही टॉर्च आणि मोजपट्टी.

टॉर्च अंधारात मारायचा. हल्लीचे बरेच पॉलिएस्टरचे दोरे निळे-पांढरे चमकतात कारण त्यात ब्राइटनर असतो. पण लगेच निष्कर्ष काढू नका, टिनोपाल, म्हणजे कपडे पांढरे दिसायला धुताना घालतात तो ब्राइटनर, आपल्याकडे खूप जुनं आहे, धुतलेलं जुनं सुतीसुद्धा चमकेल. बघायचं ते हे की कापड मंद आणि दोरा तेवढा झगझगतोय का. तसं असेल तर ती शिवण नंतरची. आणि कुठल्या कुठल्या शिवणी चमकतात त्याचा कागदावर नकाशा काढा, त्यावरून कपड्यावर केव्हा काय काय झालं ते उलगडत जातं.

जर बघा भिंगाखाली. तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली जुनी जर काळवंडते, घाम लागला तिथे हिरवट होते, आणि तार दोऱ्याभोवती गुंडाळलेली दिसते. प्लास्टिकची जर काळी पडतच नाही, चपटी पट्टी असते, कडेला तिचा रंग सोलून निघतो.

मखमल सुती आहे की पॉलिएस्टर हे ठरवायला आतल्या शिवणीतला एखादा सुटा धागा मिळाला, आणि मालकाने हो म्हटलं, तरच चिमट्यात धरून जाळून बघा. सुताचा वास जळक्या कागदासारखा आणि राख भुरभुरीत, रेशमाचा केस जळल्यासारखा, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. पॉलिएस्टरचा शोधच मुळात १९४१ चा, ब्रिटनमधला, आणि आपल्याकडे त्याची चलती झाली सत्तरच्या दशकापासून, त्यामुळे साठच्या सुरुवातीच्या अंगरख्याची सगळी मखमल पॉलिएस्टरची निघाली तर मी तरी हात जोडून परत येईन.

आणि मखमलीची एक खास गोष्ट, ती काही विसरत नाही. एकदा सुई गेली, एकदा लव दाबली गेली की उसवल्यावरही खूण राहते. दिवा बाजूने, जवळजवळ कापडाला टेकवून धरा, समोरून नाही.

रंकाळ्याकाठी
सगळ्यांचे किती आभार मानू. काल मुंबईला जाऊन आलो, जे जे सांगितलं ते सगळं केलं. विक्रेता आधी वैतागला पण मी पंखा बंद करून, दार लोटून तासभर बसलो तसा तोही शेजारी येऊन बघायला लागला. जे दिसलं ते लिहितो.

मानेच्या मागे अस्तरावर शाईत "म २३" असं आहे, ते एका रेघेने खोडलंय आणि खाली वेगळ्या अक्षरात "११८". गळ्याच्या पट्टीला तांबूस डाग आहे, डाव्या बाजूला जास्त. काखेत अस्तर विरलंय, बोट लावलं तर फाटेल असं. दुमडीच्या आत कापड चांगलंच उजळ आहे. बाजूच्या शिवणी दोन्हीकडे दीड-दीड इंच उसवून ढिल्या केल्यात, आतल्या जुन्या शिवणीची भोकं ओळीने दिसतात. शिवणीतला धागा जाळून बघू दिला, कागदासारखा वास, राख.

टॉर्च मारला तर गळ्याभोवतीची शिवण लख्ख चमकली. बाकी सगळी मंद. भिंगातून गळ्याची जर म्हणजे सरळ चपटी प्लास्टिकची. माझ्या पोटात गोळाच आला कारण माझा सगळा स्क्रीनशॉट त्या गळ्यावरच उभा होता. घेराची जर मात्र काळी पडलेली, एका ठिकाणी हिरवट.

मग कापडचोपड ताईंनी सांगितल्याप्रमाणे मोबाइलचा दिवा बाजूने टेकवून धरला आणि छातीवरून हळूहळू फिरवला. दोन्ही बाजूंना बंदांच्या वर चार बोटांवर काहीतरी आकार उमटला. सुईच्या भोकांची ओळ आणि दाबलेली लव, आणि आत मखमलीचा रंग बाहेरच्यापेक्षा गडद. दोन कोयऱ्या होत्या तिथे, काढून टाकलेल्या. उजवी सरळ आहे आणि डावीचं टोक बाहेर झुकलंय, इतकं की ते मुंढ्याच्या शिवणीला जाऊन टेकतं. ट्रेसिंग पेपरवर उतरवून आणली, विक्रेत्याने स्वतः कागद धरला.

घरी येऊन शो कार्ड काढलं. बापू म्हणाले तसंच, तलवार भलत्या कमरेला, म्हणजे फोटो उलटा. फ्लिप करून बघितलं तर निळ्या रंगाखाली डाव्या छातीवर कोयरी आहे आणि तिचं टोक शिवणीला टेकलंय. रात्री दोन वाजता बायकोला उठवून दाखवलं, तिलाही दिसलं. मी आधी दहा वेळा ते कार्ड हातात घेतलंय आणि कधी लक्ष गेलं नव्हतं.

आता प्रश्न असा की मी जे बघतोय ते मला बघायचंय म्हणून दिसतंय का? आणि गळा नवीन असताना ८५ हजार द्यावेत का?

शोकार्डवाला_बापू
दादा वाचताना अंगावर काटा आला. पण रंगवलेलं कार्ड हा शेवटचा पुरावा मानू नका, ब्रशच्या फटकाऱ्यानेही टोक लांब होऊ शकतं. पुण्याला ईमेल आजच करा, न रंगवलेलं स्टिल मागा. कोयरीची लांबी आणि बंदांपासूनचं अंतर यांचं प्रमाण काढा, म्हणजे फोटो लहानमोठा असला तरी फरक पडणार नाही. आणि ट्रेसिंग आधी तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणालातरी द्या, त्याला काहीच न सांगता विचारा की या चार फोटोंतल्या कुठल्या अंगरख्यावर हे बसतं. माझा पत्ता मेसेज करतो, मलाही पाठवा.

सुईदोरा
तुझं वर्णन वाचून मला तरी हे खरं जुनं काम वाटतंय, आणि पुढचा प्रवासही सरळ दिसतोय. आधी कोयऱ्या होत्या. त्या गळून गेल्या किंवा दुसऱ्या कपड्यावर लावायला काढल्या, आम्हीही काढायचो, चांगलं भरतकाम कोणी वाया घालवत नाही. मग जाड्या माणसासाठी बाजू ढिली केली, मग कधीतरी गळा काळा पडला म्हणून हाताला आली ती जर लावली. दोन नंबर म्हणजे दोन मालक, निदान दोन नोंदी. यात फसवणूक करायला बसलेला माणूस मला दिसत नाही. फसवणाऱ्याने कोयऱ्या नव्या लावल्या असत्या, त्यांची भोकं कशाला ठेवली असती.

पण तुझा स्क्रीनशॉट उभा होता गळ्यावर, आणि गळा नवा आहे. हे विक्रेत्याला सरळ सांग, टॉर्च लावून दाखव. मूळ गळा नाही, कोयऱ्या नाहीत, माप बदललंय, तेव्हा ८५ नाही. मी असते तर पस्तीस-चाळीसला बोलणी सुरू केली असती, आणि कोयरीचं स्टिलवर पक्कं झालं नाही तोवर टोकन पलीकडे काही दिलं नसतं. त्या शोधामुळे किंमत वाढली असं तो म्हणेल. तुझी ट्रेसिंग ही तुझी मेहनत आहे, त्याचे पैसे तू त्याला द्यायचे नाहीत.

घेतलास तर नवी जर उसवायला जाऊ नकोस. तीही आता त्या कपड्याची झाली. हँगरला लावू नकोस, विरलेलं अस्तर मखमलीच्या वजनाने फाटेल. धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत सपाट ठेव, घड्यांमध्ये मलमलीच्याच गुंडाळ्या घाल. आणि तो पॅनकेकचा डाग कोणी कितीही सांगितलं तरी साफ करू नकोस.

रंकाळ्याकाठी
दुपारी त्याला फोन केला, सगळं सांगितलं. गळ्याचं ऐकून गप्प बसला, मग म्हणाला त्यालाही माहीत नव्हतं, आणि मला ते खरं वाटलं. ४२ हजारावर आलोय, पाच हजार टोकन, महिनाभर थांबायला तयार आहे. माल कोणाकडून घेतला तेही लिहून देतोय, एका बंद झालेल्या ड्रेसवाल्याच्या घरच्यांकडून, आणि त्या घरात जुन्या भाड्याच्या वह्या अजून आहेत म्हणे. रविवारी त्यांच्याकडे जायचं ठरवलंय. पुण्याला ईमेल गेलाय.

ताई, वह्यांमध्ये नेमकं काय शोधू?

सुईदोरा
११८ शोध, तो त्यांचा नंबर असावा. तो कपडा त्यांच्याकडे पहिल्यांदा केव्हा आला ती ओळ सापडली तर त्याच ओळीत कोणाकडून घेतला ते असेल, तिथे "म" अक्षराने सुरू होणारं नाव दिसतंय का बघ. वर्णनाच्या रकान्यात "मरून मखमल कोयरी" असं काही असेल तर सोनं सापडलं. पानाचा फोटो काढ, आधीच्या आणि नंतरच्या पानाचाही काढ, आणि वहीच्या पुठ्ठ्याचा. घरात कोणी वयस्क बाई असेल तर तिच्याशी आधी बोल, दुरुस्तीचं काम बऱ्याचदा घरातल्या बायकाच करायच्या, गळा कोणी बदलला ते कदाचित तिलाच आठवेल. जाताना ट्रेसिंग घेऊन जा.